ताणावर सोडलेली जीभ

बागा पुन्हा ताणावर सोडल्या आहेत. सौंसरहून गावाकडे येताना बसच्या खिडकीतून पाहावे, तर दुपारच्या उन्हात संत्र्याचे प्रत्येक पान आत वळलेले दिसते, जणू झाडाने हजार लहान मुठी आवळून धरल्या आहेत. परक्या माणसाला वाटते, बाग मेली. बागवाल्याला ठाऊक असते की तहान सोसल्यावाचून संत्र्याला फूल येत नाही. आंबिया बहाराची तोड आटोपते, शेवटचे कॅरेट गाडीवर चढते, आणि मग झाडाचे पाणी तोडायचे. वाळलेल्या काड्यांची सल काढायची, वखर फिरवायचा, आणि संक्रांतीच्या सुमारास एका सकाळी आळ्यात पाणी सोडून हा ताण मोडायचा. पुढे काही दिवसांनी जो वास गावावर उतरतो, त्याचे वर्णन करण्याचा मी अनेकदा प्रयत्न केला आहे. तो वास अर्जात बसत नाही.

बागा अशा मुठी आवळून उभ्या राहिल्या की मला एक हिवाळा आठवतो. पांढुर्णा जिल्हा झाल्यानंतरचा तो दुसरा हिवाळा होता. गावाला तो तलावाच्या भांडणासाठी आठवतो. मला मात्र तो हेव्यासाठी आठवतो, आणि हे मी प्रथमच लेखी कबूल करीत आहे.

माझा परिचय आवश्यक आहे. मी सौंसरच्या तहसील कचेरीबाहेर, पत्र्याच्या सावलीत, अर्ज लिहितो. माझे शिक्षण अकरावीपर्यंत झाले, म्हणजे परीक्षेपर्यंत. निकालाशी माझा संबंध आला नाही. तरीही कचेरीत माझ्या कागदाला वजन आहे. घरी मराठी, कागदावर आमच्या राज्याची हिंदी, आणि कागदाच्या माथ्यावर एक संस्कृत वचन, ही माझी खूण. वचन विषयाला लागू पडलेच पाहिजे असे नाही. ते दिसले की कारकून क्षणभर मान वर करतो, तेवढे पुरे असते. गाव मला मुन्शीजी म्हणते. तलावाखाली माझी दोन एकर बाग आहे, परंतु ती माझी खरी मिळकत नव्हे. गावात तंटा उभा राहिला की चार लोक माझ्याकडे वळत आणि म्हणत, "मुन्शीजी, तुमी बोला." हे तीन शब्द माझी मिळकत होती.

त्या हिवाळ्यात ही मिळकत दुसऱ्या कोणाच्या तरी नावे चढली.

कळंबे मॅडम पांढुर्ण्याच्या शाळेत संस्कृत शिकवीत. निवृत्त झाल्यावर त्या गावी परतल्या आणि टेकडीच्या पायथ्याशी वडिलांच्या घरात राहू लागल्या. लुगड्याखाली कॅनव्हासचे बूट, अंगात पुरुषी स्वेटर, आणि आवाज इतका हळू की तो ऐकायचा तर लोकांना गप्प बसावे लागे. माझा आवाज तहसीलच्या फाटकापासून बसस्टँडपर्यंत जातो. कदाचित म्हणूनच माझ्यासाठी कोणी कधी गप्प बसले नाही.

त्या साली पाऊस कमी झाला आणि तलाव अर्धाच भरला. तलावाखालचे आम्ही बागवाले म्हणत होतो, ताण मोडायला तलावावर मोटारी लावू द्या. पाणी मिळाले नाही तर बहार गेला, म्हणजे वर्ष गेले. टेकडीवरच्या वस्तीचे लोक म्हणत होते, मोटारी लावू नका. चैतात हातपंप आटतात, तेव्हा माणसांना आणि जनावरांना हाच तलाव आहे. गावाच्या मोबाईल-ग्रुपवर आठ दिवस शिव्यागाळी चालली. अखेर पंचायतीच्या ओट्यावर सभा बसली.

"मुन्शीजी, तुमी बोला," माझा चुलतभाऊ देवराव म्हणाला. गावातली सर्वांत मोठी बाग त्याची.

मी उठलो, शाल सारखी केली आणि झाडे ही पुत्रासमान आहेत, असे पूर्वजांचे वचन सांगितले. संस्कृतात सांगितले, मग अर्थासह सांगितले.

समोरून शेवंताबाई उठली. टेकडीवर तिच्या चार म्हशी आहेत, आणि जीभ त्या चारींच्या शिंगांहून टोकदार. "झाडं पोरं हायेत, तं आमच्या म्हशी का सवतीच्या लेकी हायेत का जी?"

लोक हसले. मी दुसरे वचन काढले. टेकडीवरच्यांतल्या एकाने मोबाईलवर आलेले, तहानलेल्याला पाणी देण्याचे वचन वाचून दाखवले. मी तिसरे काढले. त्याने आणखी एक. दोन्हीकडून आम्ही पूर्वजांना दगडासारखे फेकत होतो. ज्याच्या मुठीत मोठा पूर्वज, तो शूर.

तेव्हा मॅडम उभ्या राहिल्या. ओटा गप्प झाला.

"हा वाद नाही," त्या म्हणाल्या. "वाद खरं काय ते कळण्यासाठी करतात. जिंकण्यासाठी बोलतात त्याला जुने लोक जल्प म्हणत. आणि स्वतःचं काहीच न मांडता नुसतं समोरच्याचं फाडत राहणं, ती वितंडा. आपण सगळे मघापासून दुसऱ्या नि तिसऱ्यातच फिरून राहिलो आहोत."

"मंग पहिलं कसं करतात, मॅडम?" सरपंचाने विचारले. त्या बिचाऱ्याला कोणीतरी सांभाळून घेतलेले हवेच होते.

"आपलं सांगण्याआधी समोरच्याचं सांगायचं. तेही असं, की समोरचा म्हणेल, हो, हेच. त्याला पूर्वपक्ष म्हणत. तो जमला नाही, तर आपलं बोलायचा हक्क नाही."

सरपंच म्हणाला, "बस. हेच ठरलं." आणि एवढ्यावर अवघ्या सभेचे माप बदलले. त्या बाईंनी एक श्लोकही म्हटला नव्हता. माझ्यापाशी पाठ असलेली साठ-सत्तर वचने ताटकळत बसली होती, आणि एकही वचन न उच्चारता सगळे पूर्वज त्यांच्या बाजूला जाऊन उभे राहिले.

टेकडीवरच्यांची पाळी आधी आली. शेवंताबाईने आमची बाजू चार वाक्यांत सांगितली. "तान तोडाले पानी नाई भेटलं तं फूल नाई. फूल नाई तं साल गेलं. झाड एका सालाचं नोय, बापाच्या हातचं हाये. ते वायलं तं बाप पुन्यांदा मेल्यासारखा." देवरावच्या तोंडून आपसूक निघाले, "हाव, हेच."

मग मी. आणि इथे मला माझ्या व्यवसायाविषयी सांगितले पाहिजे. ज्यांच्या हाताखाली मी हे काम शिकलो, त्या मुन्शींचा पहिला पाठ असा होता, की समोरच्याचे म्हणणे आपल्या कागदावर येऊ द्यायचे नाही. आलेच, तर त्याच्या गळ्यात "खोटे व बनावट" ही घंटा बांधूनच येऊ द्यायचे. सत्तावीस वर्षे माझा हात तसाच वळला आहे. तेव्हा मी खणखणीत आवाजात सुरू केले, "विरुद्ध पक्षाचे असे खोटे व निराधार म्हणणे आहे की..."

पुढचे कोणाला ऐकू गेले नाही. ओटा हसून हसून आडवा झाला.

"वा!" शेवंताबाई म्हणाली. "आमी खोटं बोलून राहिलो, असं आमीच म्हनून राहिलो का?"

मी पुन्हा सुरू केले. "टेकडीवरच्या लोकांना बागांचे काहीएक सोयरसुतक नाही..."

"हे बी नाई म्हनलं आमी."

तिसऱ्यांदा काय बोललो ते मला आठवत नाही, आणि आठवावे अशी इच्छाही नाही. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मुन्शीजी, बसा. पुढल्या गुरुवारी पुन्हा सांगा. तोवर मोटारी बंद." चौथीतल्या मुलाला म्हणावे इतक्या मायेने त्या हे "बसा" म्हणाल्या. अपमान कठोर असता तर मी सोसला असता.

परत येताना देवराव म्हणाला, "बागा तं होत्याच, मुन्शीजी. मॅडमनं तुमची जीभ बी तानावर सोडली."

तो आठवडा मी आजही बोटांनी चाचपू शकतो. सकाळी बागेत जावे तो वळलेली पाने हाताला पापडासारखी लागत. ताण मोजका असावा लागतो. एका हद्दीपर्यंत तहान झाडात फूल साठवते. ती ओलांडली की पाने गळतात, काडी वाळते, आणि मग पाणी मिळूनही उपयोग नसतो. बागांचे पाणी माझ्या तोंडातून निघणाऱ्या चार वाक्यांवर अडले होते, आणि गावातल्या प्रत्येकाला ते माहीत होते. घरी तिळगूळ देताना बायको म्हणाली, "घ्या, गोड बोला. आपलं नाई जमत, तं त्यायचं तरी बोला."

आणि मी काय करीत होतो? मॅडमचे दोष शोधत होतो. कापसाच्या गाड्यांमागे रखडणाऱ्या बसने पांढुर्ण्याला गेलो आणि त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना गाठून आडून आडून विचारले. एका सराफाने सांगितले, मॅडम कधी मारत नसत. एका पोस्टमनने सांगितले, मॅडम चूक खोडत नसत, शेजारी बरोबर लिहीत. इतके गुण ऐकून माझे डोके उठले. परतताना जामसांवलीला उतरलो. शनिवार होता, दर्शनाची रांग लांब होती, आणि रांगेत मला विचार करायला पुष्कळ वेळ मिळाला. तरीही मारुतीपुढे पोचल्यावर मी पाणी मागितले नाही. मॅडमचा घसा बसावा, असे मागितले. मग स्वतःचीच लाज वाटून एक नारळ जास्तीचा फोडला.

सोमवारी शेवंताबाई तहसीलला आली आणि माझ्यासमोरच्या स्टुलावर बसली.

"मुन्शीजी, अर्जी लिवा. तलावाच्या पान्याची. कलेक्टर साहेबाच्या नावानं."

"माझ्याच विरुद्ध?"

"मंग? इतकं जोरदार दुसरं कोन लिवते अठी?"

आमच्या धंद्याचा एक नियम आहे. स्टुलावर जो आधी बसला त्याचा अर्ज लिहायचा. नाही म्हणायचे नाही. मी कागद ओढला आणि सवयीने विचारू लागलो. केव्हापासून? किती घरे? पाणी कुठून आणता? ओट्यावर मी तिचे बोलणे उत्तर देण्यासाठी ऐकत होतो. स्टुलावरच्या माणसाचे बोलणे मात्र लिहिण्यासाठी ऐकावे लागते. एकाच माणसाच्या दोन कानांत एवढे अंतर असते, हे मला त्या दिवशी कळले.

ती म्हणाली, "तलाव बी आटला का चैतात आमी देवरावजीच्या हिरीच्या कुंपनापाशी उभ्या राहतो. त्यायचे बैल पेले का मंग आमच्या पान्याच्या गुंड्या भरतात. म्हशी दावनीले उभ्या राहतात, मुन्शीजी, अन् ओरडत बी नाईत. ओरडाले बी घसा ओला लागते."

माझी लेखणी थांबली.

"लिवा ना."

"बागा वाळल्या तरी चालतील, असं लिहू?"

"कायले? बागेत आमच्याच बाया तोडीले येतात. बागेले देऊ नका असं कोन म्हनलं? आमच्या चैतापुरतं राखून ठेवा, हेच म्हनून राहिलो आठ रोज. तुमी आयकता कुठी!"

मी तो अर्ज लिहिला. माझ्या हातचा तो सर्वांत चांगला अर्ज आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे. माथ्यावर संस्कृत वचन घालायचे राहून गेले. ते मुद्दाम वगळले असे सांगणे मला शोभले असते, पण खरे हे की आठवलेच नाही. म्हशीच्या कोरड्या घशापुढे ते सुचले नाही.

गुरुवारी मी उठलो आणि तो अर्ज तोंडपाठ सांगितला. हिंदीतून पुन्हा गावच्या बोलीत आणून सांगितला. गुंड्या, कुंपण, दावण, न ओरडणाऱ्या म्हशी. माझ्या सबंध आयुष्यात लोक माझ्यासाठी गप्प बसले, ते तेवढेच. शेवंताबाईने पदर तोंडाशी नेला आणि म्हणाली, "हाव. हेच."

"आता तुमचं सांगा, मुन्शीजी," मॅडम म्हणाल्या.

मी शाल सारखी केली. "बागवाल्यांचे म्हणणे असे आहे की..." आणि पुढे काही आलेच नाही. मला उत्तर हवे होते, आणि उत्तर तर तिच्याच म्हणण्यात लिहिलेले होते, माझ्याच अक्षरात. मी म्हणालो, "एक पाणी द्या. ताण मोडण्यापुरते. पुढचे आम्ही आपल्या विहिरींवर पाहू. बाकीचा तलाव चैतासाठी राहू द्या."

"तुमी आपल्याकून बोलून राहिले, का तिकून?" देवराव ओरडला. पण टेकडीकडून माना हलल्या होत्या, मग आमच्याकडूनही एकेक हलली, आणि सभा उठली. शेवंताबाईने ती अर्जी घडी करून कमरेला खोचली. ती कलेक्टर साहेबांपर्यंत गेलीच नाही.

एका पाण्यावर बहार अर्धाच फुटला. तरीही माघात एका सकाळी वास आला. तलावाच्या भिंतीवरून तो टेकडीकडे चढत गेला, गोड, किंचित कडसर, कच्च्या सालीसारखा. आणि चैतात तलावात म्हशी मानेपर्यंत बसलेल्या मी स्वतः पाहिल्या.

आता ऐका गावाने काय म्हटले. गावाने म्हटले, "मॅडमनं भांडन मिटवलं." चहाच्या टपरीवर म्हटले, "जुन्या शास्त्रात ताकद हाये, बाप्पा." कंडक्टरनेदेखील मला तिकीट देता देता हेच ऐकवले. अर्ज माझा, जीभ माझी, अर्धा बहार गेला तोही माझा. आणि नाव पूर्वजांचे व मॅडमचे. तेव्हापासून तंटा उभा राहिला की लोक म्हणतात, "मॅडमले इचारा." माझ्या तीन शब्दांच्या जागी हे दोन शब्द.

त्याच टपरीवर एक टीव्ही आहे. त्यात सहा माणसे सहा चौकटींत बसून एकाच वेळी ओरडतात, आणि त्यांतला एखादा आमच्या थोर प्राचीन परंपरेचा दाखला देतो. मी पूर्वी अशा माणसाला मनातून दाद देत असे. आता माझे लक्ष एकाच गोष्टीकडे असते: समोरच्याचे म्हणणे हा सांगू शकेल काय? परंपरा अंगावर दागिन्यासारखी घालणे सोपे आहे. मी अर्जांच्या माथ्यावर तेच करीत आलो. ती अवजारासारखी हातात धरली की तळहाताला फोड येतात. टपरीवरच कोणी मॅडमना विचारले होते, की तेव्हाचे लोक आपल्याहून शहाणे होते ना? त्या म्हणाल्या, "त्यांच्या सभेत मला नि शेवंताला बसू दिलं असतं की नाही, सांगता येत नाही. रीत चांगली होती, दार अरुंद होतं. रीत घ्यावी, दार मोठं करावं." हे वाक्यही मला सुचायला हवे होते. दार, रीत, सगळे शब्द मला येत होते. फक्त तसे एकापाशी एक बसले नाहीत.

यंदा तलाव पुन्हा अर्धाच आहे. येत्या गुरुवारी सभा आहे. मॅडमना मात्र डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे नागपूरला जायचे आहे. सरपंचाने विचारले, मग सभेत तुमच्या जागी कोण? त्या म्हणाल्या, "मुन्शीजी बसतील."

ज्यासाठी मी झुरलो ते मला मिळाले, आणि त्यांच्या हातून मिळाले. जेवणाला चव लागेना. शिवाय ज्याच्या मनात दोन हिवाळ्यांचा खटला चालू आहे, त्याने दुसऱ्यांच्या वादात मध्यस्थ म्हणून कसे बसावे? शेवटी मी कोरा कागद घेतला आणि स्वतःच्या विरुद्ध मॅडमचा पूर्वपक्ष लिहिला. घंटा न बांधता लिहिला. की या बाईंनी माझे काही हिरावले नाही. की बोलणाऱ्याचा मान गावाने दिलेला असतो, तो कोणाच्या नावे चढत नसतो. की त्यांनी मला "बसा" म्हटले ते मला उभे करण्यासाठी. हाताला हे लिहायची सवय नव्हती. तीन कागद फाडले.

काल सकाळी तो कागद घेऊन मी त्यांच्या ओट्यावर गेलो. त्या संत्र्याच्या साली सुपात पसरून वाळवत होत्या. मी उभ्यानेच वाचून दाखवले. त्यांनी डोळे मिटून ऐकले.

"हो, हेच?" मी विचारले.

"पाऊण," त्या म्हणाल्या. "एक राहिलं."

"काय?"

"माझ्याकडं लोक वाकून नमस्कार करायला येतात, मुन्शीजी. तुमच्या स्टुलावर येऊन रडतात. शेवंताचं घर इथून दोनशे पावलं वर आहे. ती माझ्याकडं नाही आली. बसचा धक्का खात सौंसरला तुमच्याकडं आली. त्या गुरुवारी तुम्ही तिच्या म्हशींचं सांगत होतात, तेव्हा मला तुमचा इतका हेवा वाटला, की घरी येऊन मी जेवले नाही." त्यांनी एक साल उलटी केली. "तेवढं लिहा, म्हणजे पूर्ण होईल."

मी ओट्यावर बसलो आणि ते त्यांच्यासमोर लिहून घेतले. मग बागेच्या कडेने परत निघालो. झाडे मुठी आवळून उभी होती. माझ्या जागी दुसरा कोणी असता तर त्याचे मन तिथल्या तिथे निवले असते. मी हिशेब करीत चाललो होतो. माझा हेवा चहाच्या टपरीला ठाऊक आहे, बसच्या कंडक्टरला ठाऊक आहे, जामसांवलीच्या मारुतीला तर लेखी द्यायचेच बाकी आहे. आणि या बाईंनी दोन हिवाळे त्याच ओट्यावर, त्याच साली वाळवत, तोच हेवा उरात धरला, आणि चेहऱ्यावर पानही वळू दिले नाही.

हेवा करणेसुद्धा त्यांना माझ्याहून चांगले जमले. यावर माझ्यापाशी उत्तरपक्ष नाही. गुरुवारी त्यांच्या जागी बसायचे आहे. तोवर जीभ ताणावर सोडली आहे.